चार मिनिटांची अमानत : रेल्वेच्या मनगटी घड्याळांची कहाणी

रमजान जवळ आला की सहरी-इफ्तारचे वेळापत्रक घरोघरी येते. आपण ते भिंतीला लावतो. त्याच्या तळाशी बारीक अक्षरांत सूचना असते की अमुक शहरासाठी इतकी मिनिटे मिळवा, तमुक शहरासाठी इतकी वजा करा. मुले हमखास विचारतात, "घड्याळ तर सगळीकडे एकच, मग इफ्तार वेगवेगळ्या वेळी का?"

उत्तर भूगोलाच्या पुस्तकातच आहे. सूर्याला एका रेखांशावरून दुसऱ्या रेखांशावर यायला चार मिनिटे लागतात. मुंबई आणि नागपूर यांच्यात सव्वासहा रेखांशांचे अंतर आहे. म्हणून नागपूरचा सूर्य मुंबईच्या सुमारे पंचवीस मिनिटे आधी माथ्यावर येतो. घड्याळ दोन्हीकडे एकच वेळ दाखवते, पण नमाज सूर्याच्या हिशेबाने होते. घड्याळ माणसाने ठरवले आहे आणि सूर्य अल्लाहच्या हुकमाने चालतो. या दोघांचा मेळ घालण्यासाठी त्या मिनिटांची बेरीज-वजाबाकी करावी लागते.

दीडशे वर्षांपूर्वी मात्र सगळीकडे एकच घड्याळ नव्हते. प्रत्येक गावाची आपली वेळ होती. ती गावे रुळांनी जोडली गेली, तेव्हा या मिनिटांनी माणसांचे जीव घ्यायला सुरुवात केली. त्यातूनच एक विशेष घड्याळ जन्माला आले. आधी ते खिशात होते, पुढे मनगटावर आले. अमेरिकेत त्याला 'रेलरोड वॉच' म्हणतात आणि जगभर त्याचे संग्राहक आहेत. या घड्याळात सोन्या-हिऱ्यांचा थाट नाही. तरी लोक ते जिवापाड का जपतात, हे समजून घेण्यासारखे आहे.

एका देशात पन्नास वेळा

अमेरिका पूर्व-पश्चिम पसरलेला अवाढव्य देश. तिथे एकोणिसाव्या शतकात डझनावारी रेल्वे कंपन्या होत्या आणि प्रत्येक कंपनी आपल्या मुख्य शहराची वेळ पाळत असे. अशा पन्नासच्या आसपास रेल्वे-वेळा एकाच देशात चालू होत्या. मोठ्या स्टेशनवर दोन-तीन घड्याळे शेजारी शेजारी टांगलेली असत आणि प्रत्येकातली वेळ निराळी असे. प्रवाशांची तारांबळ उडे ती वेगळीच.

अखेर १८ नोव्हेंबर १८८३ रोजी अमेरिका आणि कॅनडातील रेल्वे कंपन्यांनी मिळून देशाचे पट्टे पाडले आणि प्रत्येक पट्ट्याला एक प्रमाण वेळ दिली. हे काम सरकारने केले नव्हते, रेल्वेने केले होते. अमेरिकी सरकारचा कायदा आला तो १९१८ साली, म्हणजे पस्तीस वर्षांनी.

आपल्याकडेही हा प्रश्न होताच. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली आणि पुढे देशभर रूळ पसरले. तेव्हा रेल्वेने मद्रासची वेळ प्रमाण मानली. ती मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा सुमारे अर्धा तास पुढे होती. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाण वेळ लागू झाली. पण मुंबईकरांनी ती सहजासहजी स्वीकारली नाही. शहराची घड्याळे प्रमाण वेळेच्या ३९ मिनिटे मागे राहणारी 'मुंबई वेळ' दाखवत राहिली आणि ही पद्धत १९५५ पर्यंत टिकून होती. आपल्या नाना-नानींच्या पिढीने 'मुंबई टाइम की स्टँडर्ड टाइम?' हा प्रश्न ऐकलेला असेल.

किप्टनची चार मिनिटे

वेळ एक झाली, पण ती दाखवणारे घड्याळ खरे असेल याची हमी कोण देणार? या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेला फार महागात मिळाले.

त्या काळी बऱ्याच मार्गांवर एकच रूळ असे. समोरासमोरून येणाऱ्या दोन गाड्यांपैकी एकीने ठरलेल्या स्टेशनवर बाजूच्या रुळावर थांबायचे आणि दुसरीने निघून जायचे. आजच्यासारखी सिग्नल यंत्रणा सगळीकडे नव्हती. ड्रायव्हर आणि कंडक्टर यांच्या हातात वेळापत्रक आणि खिशात घड्याळ, एवढ्यावरच भिस्त होती. तिथला कंडक्टर म्हणजे साधारण आपल्याकडचा गार्ड.

एप्रिल १८९१ मध्ये ओहायो राज्यातील किप्टन या लहानशा गावाजवळ एक प्रवासी गाडी आणि वेगाने येणारी टपाल गाडी एकमेकींवर आदळल्या. प्रवासी गाडीने किप्टनला बाजूला व्हायचे होते. आपल्याजवळ पुरेसा वेळ आहे, असे तिच्या ड्रायव्हरला वाटत होते. पण त्याचे घड्याळ वाटेत चार मिनिटे बंद पडून पुन्हा सुरू झाले होते, असा ठपका पुढे ठेवला गेला. टिकटिक चालूच होती, त्यामुळे संशय यायला जागा नव्हती. टपालाच्या डब्यांत काम करणाऱ्या सहा कारकुनांसह किमान आठ जण त्या धडकेत मेले.

बंद पडलेले घड्याळ लगेच ओळखू येते. चालू असलेले पण खोटे बोलणारे घड्याळ ओळखू येत नाही. किप्टनने शिकवलेला धडा हाच होता.

वेब बॉल यांचे नियम

या अपघातानंतर त्या रेल्वे कंपनीने क्लीव्हलँड शहरातील जवाहिर आणि घड्याळांचे जाणकार वेब बॉल यांना घड्याळांचा मुख्य तपासनीस नेमले. घड्याळे तपासण्याची पद्धत काही रेल्वे कंपन्यांत आधीही होती. बॉल यांनी तिला शिस्त लावली, आणि हळूहळू ती शिस्त देशभरातील अनेक रेल्वे कंपन्यांनी उचलली.

रेल्वेच्या घड्याळासाठी जे नियम रूढ झाले, त्यातले मुख्य असे :

घड्याळाचे तोंड उघडे असावे, वर झाकण नको, म्हणजे एका नजरेत वेळ दिसेल. पांढऱ्या डायलवर साधे, ठळक काळे आकडे आणि ठळक काटे असावेत. नक्षी नको.

यंत्रणेत किमान १७ ज्वेल असावेत. हे ज्वेल म्हणजे दागिन्यातले हिरे नव्हेत. चाकांच्या टोकांखाली बसवलेले ते गुळगुळीत, टणक खडे असतात. त्यांच्यामुळे घर्षण कमी होते आणि यंत्र झिजत नाही.

घड्याळ पाच वेगवेगळ्या स्थितींत, म्हणजे पालथे, उताणे, उभे आणि दोन्ही कुशींवर, सारखेच चालावे. थंडीत आणि उष्णतेतही त्याची चाल बदलू नये.

आठवड्याला ३० सेकंदांपेक्षा जास्त फरक पडता कामा नये.

या शेवटच्या नियमाचा हिशेब मुलांना वहीत करायला द्यावा. एका आठवड्यात ६,०४,८०० सेकंद असतात. त्यात ३० सेकंदांची सूट म्हणजे साधारण वीस हजार सेकंदांत एका सेकंदाची चूक. अशा घड्याळाचे बॅलन्स व्हील तासाला १८,००० ठोके देते, म्हणजे आठवड्याला तीस लाखांहून अधिक. ना बॅटरी, ना वीज. रोज हाताने चावी द्यायची आणि एका पोलादी स्प्रिंगच्या जोरावर ही अचूकता साधायची.

आणखी एक नियम फार शहाणपणाचा होता. साध्या घड्याळात चावी ओढली की काटे फिरतात. खिशातून घड्याळ काढताना चुकून चावी ओढली गेली तर? म्हणून रेल्वेच्या घड्याळात वेळ बदलण्यासाठी समोरची काच फिरवून काढावी लागे आणि आतली एक बारीक पट्टी नखाने ओढावी लागे. तेव्हाच काटे हलत. वेळ बदलणे मुद्दाम अवघड करून ठेवले होते.

मात्र घड्याळाच्या गुणांपेक्षाही महत्त्वाची होती ती तपासणी. ड्रायव्हर, कंडक्टर यांना साधारणपणे दर पंधरा दिवसांनी नेमलेल्या घड्याळजीकडे जावे लागे. तो घड्याळ प्रमाण वेळेशी ताडून पाही आणि किती सेकंद पुढे, किती सेकंद मागे, हे कार्डावर लिहून देई. ते कार्ड कर्मचाऱ्याने जवळ बाळगायचे. घड्याळ दुरुस्तीला दिले तर तोवर वापरायला दुसरे तपासलेले घड्याळ मिळे. गंमत म्हणजे घड्याळ कंपनी देत नसे. कर्मचारी स्वतःच्या पगारातून, बरेचदा हप्त्याने, ते विकत घेत. रोजीरोटीचे साधन म्हणून बाप ते जपे आणि पुढे मुलाच्या हाती देई. म्हणूनच इतकी घड्याळे आजवर टिकली.

खिशातून मनगटावर

पहिल्या महायुद्धात सैनिकांनी मनगटी घड्याळ आपलेसे केले. त्याआधी ते बायकांचे लेणे समजले जाई. युद्धानंतर साऱ्या जगाने खिशातले घड्याळ बाजूला ठेवले, पण रेल्वेने नाही. मनगटी घड्याळ लहान असते. हाताबरोबर ते सतत हलते, आपटते, घामाने-धुळीने खराब होते. शिवाय डिझेल इंजिनांत विजेची मोठी यंत्रे आली होती आणि त्यांच्या चुंबकत्वाने घड्याळातली केसासारखी बारीक हेअरस्प्रिंग बिघडत असे.

या अडचणीवर उत्तर धातुशास्त्राने दिले. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले शास्त्रज्ञ शार्ल एदुआर गिलॉम यांनी निकेल आणि पोलाद यांच्या अशा मिश्रधातू शोधल्या की ज्यांच्यावर उष्णता-थंडीचा परिणाम जवळजवळ होत नाही. त्यासाठी त्यांना १९२० चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या 'एलिन्वार' या मिश्रधातूच्या धर्तीवरची हेअरस्प्रिंग हॅमिल्टन कंपनीने आपल्या '९९२ बी' या प्रसिद्ध खिशातल्या घड्याळात बसवली. १९४० मध्ये आलेले हे घड्याळ १९६९ पर्यंत बनत होते. मनगटी घड्याळांचा जमाना पुरता आल्यावरही रेल्वेसाठी खिशातले घड्याळ तयार होत होते, यावरून रेल्वेची सावधगिरी दिसते.

दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र चित्र बदलले आणि साठच्या दशकापर्यंत मनगटी घड्याळांना रेल्वेची मान्यता मिळू लागली. आज संग्राहक शोधतात ती मुख्यतः याच काळातली घड्याळे.

एल्जिन कंपनीने आपले सर्वात जुने नाव या कामासाठी वापरले : बी. डब्ल्यू. रेमंड. हे गृहस्थ शिकागोचे माजी महापौर आणि कंपनीचे पहिले अध्यक्ष. १८६७ मध्ये कंपनीने पहिले घड्याळ काढले तेही त्यांच्याच नावाचे होते. रेल्वेसाठीचे रेमंड मनगटी घड्याळ २३ ज्वेलचे होते. बॉल कंपनीने 'ट्रेनमास्टर' नावाची घड्याळे काढली. नाव अमेरिकन, पण आतली यंत्रणा स्वित्झर्लंडची.

हॅमिल्टनने जानेवारी १९५७ मध्ये जगातले पहिले विजेवर, म्हणजे बॅटरीवर चालणारे मनगटी घड्याळ बाजारात आणले आणि पुढे त्याच यंत्रणेवर रेल्वेसाठी खास मॉडेल काढले.

या साऱ्यांत नवल वाटावे असे घड्याळ म्हणजे बुलोव्हा कंपनीचे 'अॅक्युट्रॉन'. ते ऑक्टोबर १९६० मध्ये आले. त्यात बॅलन्स व्हीलच नव्हते. शाळेच्या प्रयोगशाळेत आपण जो नादकाटा पाहतो, टेबलावर आपटला की घुमणारा, त्याचेच छोटे रूप मॅक्स हेट्झेल या स्विस अभियंत्याने घड्याळात बसवले. तो नादकाटा सेकंदाला ३६० वेळा कंप पावतो, म्हणजे दिवसाला तीन कोटी दहा लाखांहून अधिक वेळा. हे घड्याळ टिकटिक करत नाही. कानाला लावले तर बारीक गुणगुण ऐकू येते. महिन्याला एका मिनिटापेक्षा जास्त फरक पडणार नाही, अशी हमी कंपनी देत असे. रेल्वेने त्याला मान्यता दिली आणि 'रेलरोड' शब्द छापलेली त्याची डायल आज विशेष मागणीत आहे.

या मनगटी घड्याळांची ठेवण खिशातल्या भावंडांसारखीच आहे. पांढरी डायल, एक ते बारा ठळक आकडे, कडेला मिनिटांच्या स्पष्ट खुणा. कित्येकांत आतल्या वर्तुळात लाल रंगात १३ ते २४ असेही आकडे असतात, म्हणजे दुपारचे तीन की पहाटेचे तीन असा घोळ होत नाही. बहुतेक मॉडेलांत चावी ओढली की सेकंदकाटा थांबतो, त्यामुळे सेकंदाला सेकंद जुळवता येतो.

हा सुवर्णकाळ फार टिकला नाही. १९६९ च्या डिसेंबरात जपानच्या सेको कंपनीने क्वार्ट्झ मनगटी घड्याळ आणले. काही वर्षांतच थोड्या पैशांत मिळणारे क्वार्ट्झ घड्याळ जुन्या मातब्बरांपेक्षा अचूक चालू लागले. रेडिओ संपर्क आणि सिग्नल सुधारले. दर पंधरवड्याला कार्ड घेऊन घड्याळजीकडे जाणे हळूहळू इतिहासजमा झाले.

आपल्या देशाच्या रेल्वेत मात्र त्या शिस्तीची एक सुंदर खूण नियमांत आहे. गाडी सुटण्यापूर्वी गार्डने आपले घड्याळ स्टेशनच्या घड्याळाशी जुळवायचे, ती वेळ ड्रायव्हरला सांगायची आणि ड्रायव्हरने आपले घड्याळ त्याप्रमाणे लावायचे. एकाची वेळ दुसऱ्याने पडताळायची, हे त्यामागचे तत्त्व.

संग्रह करायचा तर काय पाहावे?

अमेरिकेत जुन्या घड्याळांच्या संग्राहकांची राष्ट्रीय संघटना १९४३ पासून आहे आणि पेनसिल्व्हेनियातील कोलंबिया गावी तिचे संग्रहालय आहे. आपल्याकडेही हा छंद वाढतो आहे. त्यात पाऊल टाकणाऱ्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली : पाठीवर इंजिनाचे चित्र कोरले म्हणजे रेल्वेचे घड्याळ झाले, असे नाही. जुन्या काळीही साध्या, हलक्या घड्याळांवर इंजिन कोरून ती भोळ्या गिऱ्हाइकांना विकली जात. खरी ओळख आतल्या यंत्रणेवर असते : कंपनी, ग्रेड, ज्वेलची संख्या, अनुक्रमांक. अमेरिकन कंपन्यांच्या अनुक्रमांकांवरून बनल्याचे वर्ष काढता येते. बुलोव्हाच्या पाठीवर अक्षर-अंकाची खूण असते. 'एम २' म्हणजे १९६२, 'एन ०' म्हणजे १९७०.

दुसरी : डायल मूळची आहे का, ते पाहावे. अक्षरे जाड-बारीक, सेकंदांच्या खुणा वाकड्या किंवा रंग नको तितका चकचकीत असेल तर ती नव्याने रंगवलेली असण्याचा संभव असतो.

तिसरी : दुरुस्त करणारा कारागीर आहे का, हे आधी विचारावे आणि मग घड्याळ घ्यावे. चावीचे घड्याळ चांगला घडीसाज साफ करून देतो. हॅमिल्टनचे विजेवरचे घड्याळ आणि अॅक्युट्रॉन यांचे तसे नाही. हॅमिल्टनमधले विजेचे संपर्कबिंदू फार नाजूक असतात आणि अॅक्युट्रॉनमधल्या एका चिमुकल्या चाकाला ३०० दाते असतात. साधा चिमटा चुकीच्या जागी लागला तरी ते संपते.

'मुंबई स्पेशल' : एक झोंबणारे नाव

इथे एक कटू गोष्ट सांगायला हवी. परदेशातल्या संग्राहकांत 'मुंबई स्पेशल' असा एक शब्दप्रयोग रूढ आहे. तो कौतुकाचा नाही. डायल नव्याने रंगवलेली, सुटे भाग दोन-चार घड्याळांतून गोळा केलेले, आणि तरी 'अस्सल जुने' म्हणून विकलेले घड्याळ, असा त्याचा अर्थ आहे.

आपल्या शहराचे नाव असे वापरले जाते तेव्हा वाईट वाटते. ही तीच मुंबई आहे जिथे १८८६ मध्ये सुरू झालेल्या वेस्ट एंड वॉच कंपनीची घड्याळे भारतात आणि अरब देशांत भरवशाची म्हणून नावाजली गेली. तिचे 'सोवार' घड्याळ कित्येक घरांत आजोबांची आठवण म्हणून अजून ठेवलेले असेल. आणि आपल्या कारागिरांचा हात खरोखर कसबी आहे. चार मेलेल्या घड्याळांतून एक जिवंत करणे, पुसलेली डायल हाताने पुन्हा लिहिणे, हे हुनर आहे. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. गरीब माणसाला चालणारे घड्याळ स्वस्तात मिळते, ही खिदमतच आहे.

दोष डायल रंगवण्यात नाही, ते न सांगण्यात आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला आणि आत ओलावा लागला, हा प्रसंग आपण मदरशापासून ऐकत आलो आहोत. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. मग भिजलेले धान्य वर का ठेवले नाही, म्हणजे लोकांना दिसले असते, असे त्यांनी विचारले आणि फसवणूक करणारा आपल्यातला नाही, हे बजावले. जुन्या घड्याळाच्या धंद्याला ही शिकवण जशीच्या तशी लागू पडते. 'डायल नवीन रंगवली आहे, काटे दुसऱ्या घड्याळाचे आहेत', एवढी दोन वाक्ये पावतीवर लिहिली की तेच घड्याळ हलाल कमाईचे होते. ती दोन वाक्ये लपवली की किप्टनच्या घड्याळासारखे होते : चालते, पण खोटे बोलते.

आपल्यापैकी जी मुले आज मोबाईलवरून जगभर वस्तू विकतात, त्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे. त्यांच्या एका खोट्या ओळीने त्यांचे गिऱ्हाईक जातेच, शिवाय शहराचे आणि मिल्लतचे नावही जाते.

घरात येणारे काही प्रश्न

पुरुषांनी सोने वापरू नये, हा शरीअतचा हुकूम सर्वांना माहीत आहे. जुन्या अमेरिकन घड्याळांपैकी पुष्कळांची केस 'गोल्ड फिल्ड' असते, म्हणजे हलक्या धातूवर सोन्याचा पातळ पत्रा दाबून बसवलेला असतो. काही तर पूर्ण सोन्याच्याही असतात. मुलामा आणि पत्रा यांचा हुकूम एकच आहे की वेगळा, ते आपल्या मसलकच्या जाणकार आलिमांना विचारून घ्यावे. ज्याला या प्रश्नातच पडायचे नाही, त्याच्यासाठी सोपा मार्ग आहे. रेल्वेची कित्येक मनगटी घड्याळे स्टेनलेस स्टीलच्या केसमध्ये मिळतात आणि ती अधिक टिकाऊही असतात.

जकातचे तसेच आहे. विक्रीसाठी ठेवलेली घड्याळे हा व्यापारी माल आहे, त्याची जकात निघते. केस सोन्या-चांदीची असेल तर तिचा हिशेब वेगळा विचारावा.

आणि छंदाची हद्द? घरातल्या गरजा, मुलांची फी, नात्यातल्या गरजवंताचा हक्क, हे मागे टाकून कपाट भरणे म्हणजे इसराफ. दोन-तीन घड्याळे, पण त्यांची पूर्ण माहिती असलेली, हा संग्रह पन्नास मुक्या घड्याळांपेक्षा मोलाचा आहे, असे आम्हाला वाटते.

सुरक्षिततेच्याही दोन गोष्टी. अंधारात चमकणाऱ्या जुन्या डायलवर, विशेषतः साठच्या दशकापूर्वीच्या, रेडियम असू शकते. चमक विझली तरी त्याचा किरणोत्सर्ग विझत नाही. अशी घड्याळे घरी उघडू नयेत, डायल खरवडू नये आणि ती मुलांच्या हातात देऊ नयेत. तसेच बटणासारख्या छोट्या बॅटऱ्या मुलांनी गिळल्या तर जिवावर बेतू शकते. त्या कुलपात ठेवाव्यात.

मुलांना द्यायचाच असेल तर एक बिनखर्चाचा प्रयोग द्यावा. घरातले जुने चावीचे घड्याळ काढा. रोज फजरनंतर ठरलेल्या वेळी त्याला चावी द्या. मोबाईलच्या वेळेशी ताडून किती सेकंद पुढे-मागे आहे, ते वहीत लिहा. सात दिवसांनी बेरीज करा. ३० सेकंदांच्या आत आहे का? रात्री घड्याळ पालथे ठेवले तर चाल बदलते का, उभे ठेवले तर? महिनाभरात मुलांना सरासरी, आलेख आणि सबर हे तिन्ही धडे मिळतील. पुस्तकातून शिकवताना आम्हाला यासाठी बरेच तास लागतात.

वेळेची राखण

वेळेची राखण ही आपल्यासाठी नवी गोष्ट नाही. नमाज ठरलेल्या वेळी फर्ज असल्यामुळे मुस्लिम शहरांत मोठ्या मशिदींमध्ये 'मुवक्कित' नेमलेला असे. वेळ मोजणे हेच त्याचे काम. दमिश्कच्या उमय्या मशिदीत चौदाव्या शतकात इब्न अश-शातिर हे थोर खगोलशास्त्रज्ञ या पदावर होते. मशिदीच्या मिनारासाठी त्यांनी बनवलेले छायायंत्र विज्ञानाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. शहराची अजान एका माणसाच्या मोजणीवर अवलंबून होती, जशी पुढे शेकडो प्रवाशांची जिंदगी एका ड्रायव्हरच्या खिशावर अवलंबून राहिली. दोघांच्याही हातात इतरांची अमानत होती.

रेल्वेच्या त्या घड्याळाचे मोल आम्हाला इथे दिसते. ते आपल्या खरेपणाचा पुरावा दर पंधरा दिवसांनी दुसऱ्यापुढे ठेवत असे. मी बरोबर आहे, असे म्हणणे त्याला पुरत नसे. कुणीतरी ताडून पाहायचे, फरक कार्डावर लिहायचा आणि मालकाने तो खाली मान घालून मान्य करायचा. तीस सेकंदांचा फरक वेळीच नोंदला गेला, तर त्याची चार मिनिटे होत नाहीत.

सूरह अल-अस्रमध्ये अल्लाहने काळाची शपथ घेतली आहे आणि तोट्यातून वाचणाऱ्यांची जी लक्षणे सांगितली, त्यात एकमेकांना सत्याची आठवण देणेही आहे. एकट्या माणसाला आपले घड्याळ नेहमी बरोबरच वाटते. घरातही अब्बांची चूक अम्मींनी, मुलाची चूक आजीने आणि कधी आजीची चूक नातवाने अदबीने सांगावी आणि ऐकणाऱ्याने ती कार्डावरच्या नोंदीसारखी घ्यावी. अशा घरातली घड्याळे थोडी पुढे-मागे असली, तरी वाट चुकत नाही.